हात न लागणारी श्रीमंती

२५ ऑगस्ट २०२५ रोजी बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी दूरचित्रवाणीवरून देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. साथ कुठलीच आली नव्हती. सरकारी दवाखान्यांतली औषधं संपली होती. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय, कर्करोग यांच्या औषधांचा तर खडखडाट होताच, पण जखमेवर बांधायच्या पट्ट्या आणि टाके घालायचा दोराही पुरेसा उरला नव्हता. औषधं दवाखान्यांपर्यंत नीट पोचावीत म्हणून वाटपावर लष्कराची देखरेख बसवावी लागली. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. हिऱ्यांचा बाजार बसला, तिजोरीत येणारा पैसा आटला, पुरवठादारांची बिलं थकली, आणि त्यातच अमेरिकेने आरोग्यासाठीच्या मदतीला कात्री लावली. बोको यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे आपण पुन्हा येऊ: सरकारी खरेदीत औषधांचे भाव पाच ते दहा पटींनी फुगवले जात होते. हा तोच देश, ज्याने २००२ मध्ये एचआयव्हीबाधितांना सरकारी खर्चाने औषधं द्यायला सुरुवात केली. देशभर असा कार्यक्रम राबवणारा तो आफ्रिकेतला पहिला देश होता.

आफ्रिकेतल्या खनिजसंपन्न देशाची दैना म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. हुकूमशहा, परदेशी बँकांतली खाती, खाणींवरून पेटलेली यादवी. अंगोलात आणि काँगोत ते खरंही आहे. बोत्स्वाना या चित्रात बसत नाही. तिथे एकदाही लष्करी उठाव झालेला नाही, यादवी नाही, ठरल्या वेळी निवडणुका होतात आणि भ्रष्टाचाराच्या जागतिक क्रमवारीत आफ्रिकेतल्या सर्वांत स्वच्छ देशांत त्याचं नाव वर्षानुवर्षं येतं. लुटल्या गेलेल्या देशाकडून लूट वाईट असते एवढंच शिकायला मिळतं, आणि ते आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. जो लुटला गेला नाही तो का अडतो, हा प्रश्न जास्त अवघड आहे. मला त्याचं उत्तर असं दिसतं: खनिजाचा पैसा नीट सांभाळणं आणि लोकांच्या हाताला काम मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत. बोत्स्वानाने पहिलं इतकं चांगलं केलं, की दुसरं पुढे ढकलणं पन्नास वर्षं परवडत राहिलं.

पहिल्या कामाची थोरवी आधी मान्य करू. ३० सप्टेंबर १९६६ रोजी ब्रिटिश गेले तेव्हा महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आकाराच्या या प्रदेशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता. कारभार चालायचा तो माफेकिंगहून, म्हणजे चक्क दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतून. गॅबोरोन ही राजधानी घाईघाईने माळरानावर उभी करावी लागली. पहिली काही वर्षं सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटिश अनुदानावर भागत होता. १९६७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ओरापाला हिऱ्यांचा साठा सापडला, आणि जमिनीखालच्या खनिजांवर टोळ्यांचा हक्क न राहता तो देशाचा राहील असा कायदा झाला. ओरापाचा भाग बामांग्वाटो टोळीचा. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा याच टोळीच्या गादीचे वारस. गोऱ्या मुलीशी लग्न केल्यामुळे त्यांना ब्रिटिशांनी हद्दपार केलं होतं आणि परत येण्यासाठी गादीवरचा हक्क सोडावा लागला होता. हिरे आपल्याच मंडळींच्या जमिनीत निघालेले असताना ते सगळ्या देशाचे म्हणून त्यांनी मान्य केलं. हा निर्णय उलटा झाला असता तर पुढचा इतिहास काय झाला असता, हे शेजारच्या देशांकडे पाहून ताडता येतं. मग डी बीअर्स कंपनीशी वाटाघाटी झाल्या. सुरुवातीला सरकारचा वाटा १५ टक्के होता, तो सत्तरच्या दशकातच ५० टक्क्यांवर नेला गेला. आज ती भागीदारी डेब्स्वाना या नावाने चालते. १९८२ मध्ये सुरू झालेली ज्वानेंगची खाण उत्पादनाच्या किमतीच्या हिशेबाने जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण ठरली. आलेल्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने आणि गावोगाव नळाचं पाणी झालं. उरलेला पैसा १९९४ पासून पुला फंड नावाच्या गंगाजळीत जाऊ लागला. तीन दशकं हा देश जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एक होता. अर्थशास्त्राच्या वर्गात आफ्रिकेचं यश म्हणून त्याचं उदाहरण देतात, ते उगीच नाही.

आता ज्वानेंगच्या खाणीकडे जरा जवळून पाहू. कालाहारीच्या वाळूखालून निघालेला चारशे मीटरहून खोल खड्डा, त्यातून वर येणारे प्रचंड ट्रक. दगड फोडला जातो, धुतला जातो आणि मग एका बंद इमारतीत जातो. तिथे खड्यांच्या धारेवर क्ष-किरण सोडतात. हिरा असेल तर तो क्षणभर चमकतो, यंत्राला तेवढं पुरतं, हवेची एक जोरदार फुंकर त्याला बाजूला उडवते. पुढचं स्वच्छ करणं, आकारानुसार निवडणं, तोलणं, डब्यात भरून बंद करणं, सारं यंत्रांनीच होतं. इमारतीची रचनाच अशी आहे की हिऱ्याला माणसाचा हात लागू नये. चोरी टाळायची म्हणून ही काळजी, आणि ती रास्तच. पण देशाच्या अर्थकारणाचं सगळं मर्म त्या इमारतीत आहे. निर्यातीतला सुमारे ८० टक्के आणि सरकारी उत्पन्नातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा ज्या धंद्यातून येतो, त्याला चोवीस लाखांच्या देशातली फक्त काही हजार माणसं पुरतात. कापडगिरणी काढली तर पगार शेकडो घरांत जातो, तिथून वाण्याकडे, शिंप्याकडे, घरबांधणीकडे. हिऱ्याचा पैसा घराघरांतून फिरत नाही. तो थेट तिजोरीत उतरतो, आणि तिथून पुढे कुणाकडे जायचं हे सरकार ठरवतं.

यातून जो समाज घडला त्यात कमावता एकच, बाकी सगळे त्याच्या दारात. शिकलेल्या माणसाची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. धंदा करणाऱ्याचं गिऱ्हाईकही सरकारच, म्हणून धंदा म्हणजे टेंडर: शाळेचं बांधकाम, कार्यालयाचं सामान, दवाखान्याची औषधं. पाच-दहा पटींनी फुगलेले औषधांचे भाव इथे समजतात. त्यात मधल्या लोकांची लबाडी असेलच, पण जिथे एकच खरेदीदार आहे आणि त्याचा खिसा दगडातून भरतो, तिथे स्वस्त आणि चांगला माल करणाऱ्यापेक्षा टेंडर मिळवणाऱ्याला भाव येतो. ही सवय एका दिवसात लागत नाही आणि सुटतही नाही. गावातल्या गरिबांसाठी सरकारने इपेलेगेंग नावाची कामं काढली, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी, रस्ते झाडण्याची, गवत काढण्याची. आधार म्हणून ती मोलाची आहेत. मात्र त्यांतून कुणी कारागीर झाला नाही.

शिक्षणाचं उदाहरण तर चटका लावणारं आहे. बोत्स्वाना, लेसोथो आणि स्वाझीलँड यांचं मिळून एक विद्यापीठ होतं. १९७५ मध्ये लेसोथो त्यातून बाहेर पडला आणि बोत्स्वानाला स्वतःचं विद्यापीठ उभं करायची वेळ आली. १९७६ मध्ये सेरेत्से खामांनी प्रत्येकाने एक गाय द्यावी अशी हाक दिली. लोकांनी गुरं दिली. ज्यांच्याकडे गुरं नव्हती त्यांनी धान्य, अंडी, सुटे पैसे दिले. गॅबोरोनचं विद्यापीठ असं लोकवर्गणीतून उभं राहिलं. पुढे हिऱ्यांनी हजारो मुलांच्या शिष्यवृत्त्या भरल्या. आज त्याच विद्यापीठाच्या पदव्या घेतलेली मुलं घरी बसून आहेत. २०२४ च्या सुरुवातीला देशातला बेरोजगारीचा दर २७ टक्क्यांच्या पुढे होता, तरुणांमध्ये त्याहून जास्त. राज्याने शिक्षण दिलं, आरोग्य दिलं, नोकरी मात्र आपल्याच कचेरीत देता येईल तेवढीच दिली, आणि कचेऱ्या केव्हाच भरल्या.

संपत्ती देशाची असली तरी ती सारखी वाटली गेली असं नाही. जागतिक बँकेच्या आकडेवारीत २०१५-१६ चा विषमतेचा गिनी निर्देशांक ५३ च्या वर आहे, जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एक. त्याचं मूळ हिऱ्यांच्याही आधीचं, गुरांमध्ये आहे. कालाहारीत कुरण भरपूर, पाणी दुर्मीळ. ज्याने कूपनलिका खोदली, भोवतालची कुरणं व्यवहारात त्याची. कूपनलिका खोदायला पैसा लागतो, म्हणून ज्याच्याकडे आधीच मोठा कळप तोच अजून मोठा होत गेला. १९७५ च्या चराई धोरणाने सामायिक जमिनीचे काही भाग कुंपण घालून खासगी वापराला दिले. हेतू कुरणं वाचवण्याचा होता. झालं असं, की मोठ्या मालकांना कुंपणाच्या आतलं रान मिळालं आणि बाहेरच्या सामायिक रानातही त्यांची गुरं चरत राहिली. त्याच सुमाराच्या एका पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे एकही जनावर नव्हतं. मंत्री, सनदी अधिकारी, टोळीप्रमुख, सत्ताधारी पक्षाचे नेते यांतले बहुतेक या मोठ्या कळपांचे मालक. देश सांभाळणारा वर्ग प्रामाणिक होता हे खरं, पण त्याचं स्वतःचं पोट गुरांवर आणि सरकारी पगारावर भरत होतं. कारखाने निघाले नाहीत म्हणून त्याचं काही अडत नव्हतं. सर्वांत तळाला राहिले ते कालाहारीचे मूळ रहिवासी, सान लोक. १९९७ आणि २००२ मध्ये त्यांना मध्य कालाहारी अभयारण्यातून उठवून नव्या वसाहतींत नेलं गेलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे हटवणं बेकायदा ठरवलं, आणि स्वतःच्या कूपनलिकेचं पाणी वापरण्याच्या हक्कासाठी २०११ पर्यंत पुन्हा कोर्टात जावं लागलं. शिकारीवर जगणारी माणसं त्या वसाहतींत शिध्यावर आली. न्यायालय सरकारविरुद्ध निकाल देतं, हे बोत्स्वानाचं वेगळेपण; निकालानंतरही सरकार अडून बसलं, हेही त्यातच धरायला हवं.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा. समुद्र नाही, बाजार लहान, पाऊस बेभरवशाचा आणि शेजारी दक्षिण आफ्रिकेसारखा बलाढ्य. अशा देशात कारखाने कुणी आणि कशासाठी काढावेत? आक्षेपात तथ्य आहे. १९१० पासून दोन्ही देश एकाच जकात संघात आहेत. जकातीतला हिस्सा बोत्स्वानाला मिळतो, आणि त्या बदल्यात दुकानांतला साबण, पीठ, भाजीपाला दक्षिण आफ्रिकेतून येतो. नव्वदच्या दशकात गॅबोरोनला ह्युंदाई मोटारी जोडायचा कारखाना निघाला. बघता बघता मोटारी ही मोठी निर्यात झाली, आणि २००० मध्ये सारं कोसळलं. सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेलची खाण ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाली तेव्हा हजारो कामगार रस्त्यावर आले आणि अख्खं गाव ओस पडू लागलं. म्हणजे प्रयत्न झालेच नाहीत असं म्हणता येणार नाही. तरीही मॉरिशसकडे पाहावं. कोकणातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून नांदतात, त्यामुळे ते बेट आपल्याला परकं नाही. लोकसंख्या बोत्स्वानाहून कमी, खनिज काहीच नाही, उसाशिवाय दुसरं मोठं पीक नाही. १९७० मध्ये त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास कायदा केला, आधी कापड, मग पर्यटन, मग वित्तसेवा असा मार्ग धरला. समुद्र आणि साखरेला युरोपात मिळालेला चांगला भाव त्यांच्या मदतीला होता, हे विसरता कामा नये. पण तिथल्या सरकारांना दुसरा इलाजही नव्हता. लोकांनी काम करून कमावलं नसतं तर तिजोरी भरलीच नसती. बोत्स्वानातल्या सरकारांवर हा दबाव कधी आलाच नाही, आणि भूगोलापेक्षा हा फरक मला जास्त निर्णायक वाटतो.

दुसरा आक्षेप: एड्सने एक पिढी खाल्ली, तिथे उद्योगधंद्यांची गोष्ट काय करता? या आक्षेपापुढे टीकाकाराने आवाज खाली आणावा हे बरं. शतकाच्या सुरुवातीला, त्या वेळच्या अंदाजांनुसार, प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक बाधित होते. आपल्या लोकांचं अस्तित्वच धोक्यात आहे असं राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सांगितलं. शिक्षक, परिचारिका, अभियंते, म्हणजे ज्यांनी नवे धंदे उभारायचे त्याच वयाची माणसं मेली. हिऱ्यांचा पैसा याच कामी सर्वांत सार्थकी लागला. बाधितांना शोधणं, औषध देणं आणि विषाणू आटोक्यात ठेवणं या संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या तिन्ही उद्दिष्टांपर्यंत पोचलेल्या पहिल्या काही देशांत बोत्स्वाना आहे. पण हीच लढाई माझ्या मुद्द्याला पुष्टीही देते. पैसा असेल आणि काम राज्ययंत्रणेने करण्याजोगं असेल, तर हे राज्य ते करून दाखवतं. नवा धंदा उभा राहणं हे राज्ययंत्रणेने हुकमाने करून घेता येण्याजोगं काम नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घराजवळून येतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बाजार उलटा केला, त्यात बोत्स्वानाचा काय दोष? मिथेन वायूतला कार्बन एका पातळ चकतीवर थरांनी चढवत काही आठवड्यांत हिरा तयार करतात; नुसत्या डोळ्यांनी जोहऱ्यालाही फरक कळत नाही. सुरत हे या मालाचं मोठं केंद्र. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजावरची आयात जकात काढून टाकली गेली, आणि त्याच वर्षी पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना असाच साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला. गंमत अशी, की ज्या सुरतेत बोत्स्वानाचे खडे वर्षानुवर्षं पैलू पाडून घेत आले आणि ज्यांचा सौदा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होत आला, तिथूनच त्यांना स्पर्धक मिळाला. (त्याची झळ नैसर्गिक हिऱ्यांवर जगणाऱ्या सुरतेच्या कारागिरांनाही बसली.) डेब्स्वानाचं उत्पादन २०२३ मध्ये अडीच कोटी कॅरेटच्या जवळ होतं, २०२४ मध्ये ते एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास आलं, आणि त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आक्रसली. धक्का बाहेरचा होता यात शंका नाही. मात्र हिरा कायम टिकणार नाही, दुसरं काहीतरी उभं करायला हवं, हे वाक्य गॅबोरोनच्या प्रत्येक विकास आराखड्यात दशकानुदशकं छापलं जात होतं. पैलू पाडण्याचे कारखाने देशात काढायला लावले, त्यांतले बरेच भारतीयांनी चालवले, पण तिथली मजुरी सुरतेच्या कितीतरी पट महाग. कच्चा माल मिळावा म्हणून घेतलेली ती जबाबदारी होती, स्वतःच्या बळावर चालणारा धंदा नव्हता. खाणीतल्या मालाला पैलू पाडले तरी तो खाणीतलाच माल राहतो.

लोकांनी याचा हिशेब ३० ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत केला. स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेल्या बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टीला ६१ पैकी ४ जागा मिळाल्या, आणि पूर्ण मोजणी व्हायच्या आतच राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी यांनी पराभव मान्य केला. रक्त सांडलं नाही, कुणी कोर्टात अडवाअडवी केली नाही. नव्या सरकारच्या हातात मात्र रिकामी तिजोरी आली. एकेकाळी दोन वर्षांच्या आयातीला पुरेल एवढी परकीय गंगाजळी होती, ती काही महिन्यांवर आली आहे. पतमानांकन संस्थांनी २०२५ मध्ये देशाची पत खाली आणली.

अशा वेळी बोको सरकारने काय मनावर घेतलं आहे? अँग्लो अमेरिकन ही खाण कंपनी डी बीअर्समधला आपला ८५ टक्के वाटा विकायला निघाली आहे. बोत्स्वानाकडे आधीच १५ टक्के आहेत. सरकारला आता बहुमताचा वाटा हवा आहे. बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. डी बीअर्स ठरवत आलेला हिऱ्याचा भाव आणि विक्री गॅबोरोनच्या हातात येईल, जाहिरातीतून नैसर्गिक हिऱ्याची शान वाढवता येईल, आणि ज्याची खाण त्याची कंपनी ही गोष्ट वसाहतीच्या इतिहासातून आलेल्या देशाच्या मनाला भावणारच. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या घासाघिशीनंतर झालेल्या करारानुसार डेब्स्वानाच्या मालातला सरकारी कंपनीचा हिस्सा पहिल्या पाच वर्षांत ३० टक्के, पुढच्या पाच वर्षांत ४० टक्के, आणि कराराची मुदत वाढली तर ५० टक्के असा वाढायचा आहेच. पण गेल्या काही वर्षांत अँग्लोने डी बीअर्सची पुस्तकी किंमत लागोपाठ दोनदा अब्जावधी डॉलरांनी खाली आणली, म्हणजे विकणाऱ्यालाच मालाचा भरवसा राहिलेला नाही. घेणाऱ्याची ऐंशी टक्के निर्यात आधीच त्याच दगडाची आहे. भाव वाढले तर देशाला खाणीतून फायदा होणारच आहे. भाव आणखी पडले तर खाणीतही तोटा आणि कंपनीतही. त्यातून नवा रोजगार निघणार तो विक्री कचेरीत, थोड्या शिकलेल्या लोकांना, गॅबोरोनमध्ये. आणि खरेदीचा पैसा हाताशी नाही, तो कर्जाने किंवा परदेशी भागीदाराकडून उभा करावा लागेल. त्या भागीदाराचा परतावाही पुन्हा त्याच खाणीतून, माणसाचा हात न लागलेल्या त्याच डब्यांतून द्यायचा आहे. औषधांची बिलं थकलेल्या सरकारने हा सौदा करू नये असं माझं मत आहे, आणि केलाच तर अल्पमताचा वाटा आणि विक्रीवरचे हक्क एवढ्यावर थांबावं.